मल्टी-इंजिन रेटिंगसाठी इन्स्ट्रक्टर आणि एक्झामिनर: ठाण्यातून आठ महिने शोधाशोध केल्यावर

मल्टी-इंजिन रेटिंगसाठी, म्हणजे एकापेक्षा जास्त इंजिनांचं विमान उडवण्याच्या परवान्यावरच्या नोंदीसाठी, इन्स्ट्रक्टर मिळतो, विमान मिळतं, टेस्ट घेणारा एक्झामिनरही मिळतो. तिन्ही एकाच आठवड्यात जुळून येणं, खरी अडचण तीच. आठ महिन्यांनंतरचं मत असं की शोध 'चांगली शाळा' म्हणून सुरू करू नये. त्या विशिष्ट विमानावर नियमित उडणारा माणूस शोधावा आणि परीक्षेची तारीख धरून उलटी मोजणी करावी.

ठाणे, वाशी, खारघर इथे ग्राउंड क्लासेसना तोटा नाही आणि नेव्हिगेशन, मेट (हवामान), रेग्युलेशनच्या पेपरांसाठी ते पुरेसे आहेत. मल्टीसाठी मात्र 'आपले ओळखीचे सर आहेत' हा रस्ता सगळ्यात कुचकामी निघाला. समुपदेशक पॅकेज सांगतो. शिकवणार कोण हे पैसे भरल्यावर कळतं. उलव्याचा नवी मुंबई विमानतळ 2025च्या डिसेंबरात सुरू झाला खरा, पण प्रवासी विमानांच्या रांगेत ट्रेनिंगच्या ट्विनला (दोन इंजिनांच्या विमानाला) धावपट्टीभोवती सर्किट मारायला कोण देणार? उडायला बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया असं कुठेतरी जावंच लागतं. विदर्भ एक्सप्रेस ठाण्याहून थेट गोंदियाला जाते, ही त्यातल्या त्यात सोय.

निघण्याआधी फोनवर 'स्लॉट आहे का' हे विचारून उपयोग नाही, उत्तर नेहमी 'आहे' असंच येतं. विचारायचं ते असं: ट्विन किती आहेत, आणि पुढच्या 100 तासांच्या इन्स्पेक्शनला किती तास उरलेत? बऱ्याच ठिकाणी ट्विन एकच असतं. सहा तास उरलेत आणि आधी तीन विद्यार्थी रांगेत आहेत, तर तुमचा नंबर लागेपर्यंत विमान हँगरमध्ये गेलेलं असतं. बिल हॉब्सवर की टॅकवर (ही तास मोजणारी दोन मीटर), हेही तेव्हाच लिहून घ्यावं. हॉब्स बहुधा इंजिन चालू असलेला सगळा वेळ मोजतो, टॅक आरपीएमच्या प्रमाणात. टॅक्सीवेवर ताटकळलात की फरक खिशाला कळतो.

आता पात्रतेबद्दल. कागदावरची पात्रता फार कमी गोष्टीची हमी देते. अमेरिकेचा पर्याय धरला तर तिथे मल्टी शिकवण्याचं रेटिंग घ्यायला त्या वर्गाच्या विमानावर किमान 15 तास पीआयसी (विमानाचा प्रमुख वैमानिक म्हणून) लागतात, आणि विद्यार्थ्याला शिकवायच्या नेमक्या मेक-मॉडेलवर 5 तास पीआयसी. म्हणजे नियमात चोख बसणारा एमईआय (मल्टीचा इन्स्ट्रक्टर) तुमच्यापेक्षा फार पुढे असेलच असं नाही. आपल्याकडे असिस्टंट इन्स्ट्रक्टर फ्लाइट इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली शिकवतो, त्यामुळे देखरेख करणारे सर तळावर प्रत्यक्ष असतात का, हे विचारावं. दोन्हीकडे एक मागणी सरळ करावी: लॉगबुकची शेवटची दोन पानं. एकूण तास पाहू नका. मल्टीचा रकाना पाहा, शेवटची तारीख पाहा, आणि विमानाचा प्रकार तोच आहे का ते पाहा. हजार तासांचे सर असतील, पण ट्विनवर सहा महिने बसलेच नसतील तर तुमच्या पैशांत त्यांचाच सराव होतो.

विमानाच्या प्रकारावर इतका जोर का, ते इंजिन बंद पडल्यावर कळतं. डीए-42 या ट्विनमध्ये प्रत्येक इंजिनाला एकच लिव्हर; बंद पडलेल्या इंजिनाचा इंजिन मास्टर स्विच ऑफ केला की प्रोपेलर आपोआप फेदर होतो, म्हणजे पाती वाऱ्याला धार करून वळतात. सेनेका किंवा सेमिनोल या ट्विनमध्ये प्रत्येक इंजिनाला तीन-तीन लिव्हर: थ्रॉटल (शक्ती), प्रोप (प्रोपेलर) आणि मिक्श्चर (इंधन-हवेचं मिश्रण). रडरवरचा पाय कुठला रिकामा पडला यावरून मेलेलं इंजिन ओळखायचं, त्याचा थ्रॉटल मागे घेऊन खात्री करायची, मग प्रोप लिव्हर फेदरवर, मग मिक्श्चर बंद. इथे वेळ दवडला तर यंत्रच अडवतं: सेमिनोलमध्ये साधारण 950 आरपीएमखाली लॉक पिना बसतात आणि प्रोपेलर फेदर होतच नाही. डीए-42 वर वाढलेल्या हाताला ही घाई माहीत नसते. फक्त सेनेकावर वाढलेले सर डीए-42 ची स्विचेस शिकवताना चाचपडतात.

पहिल्याच भेटीत विचारण्याचा खरा प्रश्न: 'जमिनीजवळ इंजिन फेल कशाने करता?' उत्तर 'थ्रॉटलने' असेल तर पुढे बोला. 'मिक्श्चरने' किंवा 'फ्युएल सिलेक्टरने' असेल तर आभार मानून निघा. थ्रॉटल परत पुढे नेला की शक्ती लगेच येते. इंधन तोडलेलं इंजिन तेवढ्यात येईलच असं नाही. प्रत्यक्ष शटडाउन आणि फेदर जमिनीपासून 3,000 फुटांच्या (एजीएल) खाली करू नये.

उन्हाळ्यात हे आणखी महत्त्वाचं. 2,000 फुटांवरच्या धावपट्टीवर 38 अंश तापमान धरा: मानक तापमान 11, फरक 27, अंशाला 120 फूट, म्हणजे डेन्सिटी अल्टिट्यूड (विमानाला जाणवणारी उंची) जवळपास 5,200 फूट. पूर्ण वजनाच्या सेमिनोलची एका इंजिनावरची सर्व्हिस सीलिंग (जिथे ते जेमतेमच चढतं ती उंची) 3,800 फूट. विमान ब्लू लाइनवर (एका इंजिनावरच्या सर्वांत चांगल्या चढाईच्या वेगावर) अचूक धरलंत तरी हळूहळू खालीच येणार. व्हीएमसी (एका इंजिनावर विमान ताब्यात राहील असा किमान वेग) दाखवणारा डेमोही इथे फसवा: साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनात उंचीबरोबर व्हीएमसी कमी होतो, स्टॉलचा (पंखांची उचल सुटण्याचा) दाखवलेला वेग मात्र तोच राहतो, त्यामुळे नाक वळण्याआधीच स्टॉल येऊ शकतो, आणि एका इंजिनावरचा स्टॉल म्हणजे स्पिनचं, गिरक्या घेत कोसळण्याचं, आमंत्रण. हे गणित स्वतःहून फळ्यावर मांडणारे सर मिळाले तर विमान जुनं असलं तरी चालेल.

एक्झामिनर निवडायला वाव कमीच असतो, पण वेळ आपल्या हातात ठेवता येते. आपल्याकडे सीपीएलच्या (व्यावसायिक वैमानिक परवान्याच्या) अर्जासाठी स्किल टेस्ट अर्जाआधीच्या सहा महिन्यांतली लागते, म्हणून पेपर आणि मेडिकल अडकलेले असताना टेस्ट उरकण्याची घाई अंगाशी येते. अमेरिकेत असलेल्या परवान्यावर मल्टीच्या वर्गाची भर घालायला लेखी परीक्षा नाही, तासांची सक्तीही नाही. मात्र त्या टेस्टच्या तयारीचं प्रशिक्षण अर्जाआधीच्या दोन कॅलेंडर महिन्यांतलं असावं लागतं. डीपीईची (तिथल्या एक्झामिनरची) फी एफएए (तिथली विमान वाहतूक नियामक संस्था) ठरवत नाही, माणसागणिक ती बदलते. तिथे मल्टी शिकायला परदेशी विद्यार्थ्याला टीएसएची (तिथल्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेची) मंजुरी आधी लागते, ती हातात आल्याशिवाय तिकीट काढू नये.

आमचा क्रम आता असा: आधी एक्झामिनरची तारीख आणि तो कोणत्या प्रकारावर टेस्ट घेतो ते; मग त्याआधीचे दहा दिवस विमान मोकळं आहे का; मग सर. पावसाळ्याचे जून ते सप्टेंबर वगळूनच. टेस्टच्या आदल्या संध्याकाळी वेट अँड बॅलन्सचं (वजन आणि समतोलाचं) गणित एक्झामिनरच्या खऱ्या वजनाने करावं. चार आसनी ट्विनमध्ये दोन जड माणसं पुढे आणि मागे कोणी नाही, म्हणजे सीजी (गुरुत्वमध्य) पुढच्या मर्यादेला टेकलेलं असतं, आणि हा आकडा चुकला तर टेस्ट ओरलमध्येच (तोंडी परीक्षेतच) थांबते.