कोपरदुखी: पट्टा, रबरी दांडा आणि जेलची ट्यूब

मेडिकलच्या काउंटरवर ‘कोपर दुखतंय’ एवढंच सांगितलं की दोन वस्तू पुढे येतात: वेल्क्रोचा पट्टा आणि डायक्लोफेनॅकची ट्यूब. पिळायचा रबरी दांडा बहुतेक दुकानांत नसतो, तो ऑनलाइन मागवावा लागतो. टेनिस एल्बोवर, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या टेंडनच्या दुखण्यावर, पैसे खर्चायचेच असतील तर या तिघांत पहिला नंबर त्या दांड्याचा. पट्टा कामाच्या वेळेपुरता बरा, ट्यूब ठणका कमी करण्यापुरती. आणि कोपराच्या टोकावर लिंबाएवढी सूज असेल तर तिन्ही वस्तू दुकानातच राहू द्या. ते दुखणं वेगळं, त्याबद्दल शेवटी.

आधी बोट ठेवून बघा

कोपर काटकोनात वाकवलं की बाहेरच्या बाजूला हाडाचा उंचवटा हाताला लागतो. मनगट वर उचलणारे स्नायू तिथे टेंडनने हाडाला जोडलेले असतात. दुखणं नेमकं त्या उंचवट्यावर किंवा बोटभर पुढे असेल तर कोपर सरळ करा, मूठ वळा, मनगट वर उचला आणि दुसऱ्या हाताने ती मूठ खाली दाबा. कळ तिथेच आली तर बहुधा टेनिस एल्बोच. मधलं बोट ताठ धरून खाली दाबल्यावर तीच कळ येणं ही दुसरी खूण. तिसरी घरातली: कोपर सरळ, तळहात खाली, आणि खुर्चीची पाठ धरून खुर्ची उचलायची.

टेनिस फक्त नावात आहे. कपडे पिळणं, कणीक मळणं, विळीवर नारळ खवणं, गवंड्याची थापी, दिवसभर पेचकस फिरवणं या कामांत हे टेंडन रोज ताणलं जातं. वय साधारण पस्तिशी ते पंचावन्न, आणि बहुतेकदा कामाचाच हात.

आता फसवणारी दुखणी. उंचवट्यापासून तीन-चार बोटं खाली, मांसल भागात खोलवर दुखत असेल तर तिथली रेडियल नस (मज्जातंतू) दबलेली असू शकते. पट्ट्याचा दाब याच भागावर येतो, म्हणजे पैसे देऊन दुखणं वाढवून घेणं. मान वळवल्यावर कळ खांद्याकडून खाली येत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील तर मान तपासा. आतल्या बाजूचा उंचवटा दुखत असेल तर तो गोल्फर्स एल्बो. तिथे तपासणी उलटी: मनगट खाली वाकवायचं आणि दुसऱ्या हाताने अडवायचं.

एक्स-रे बहुतेक वेळा स्वच्छ येतो. सोनोग्राफीत टेंडन जाड आणि काळपट दिसतं खरं, पण काहीच दुखत नसलेल्यांच्या कोपरातही तसं दिसू शकतं. नुसत्या रिपोर्टवरून उपचार ठरवू नयेत. बोट ठेवल्यावर काय होतं ते आधी.

वेल्क्रोचा पट्टा

दोन प्रकार मिळतात. एक अरुंद पट्टा, आत जेलची किंवा फोमची गादी. दुसरा पूर्ण कोपर झाकणारा मोज्यासारखा. टेनिस एल्बोला पहिला घ्यावा. मोजा ऊब देतो, बरं वाटतं, पण टेंडनवरचा ताण फारसा वाटून घेत नाही.

पट्ट्याचं काम साधं आहे. स्नायू आकसला की त्याचा जोर सरळ हाडाच्या उंचवट्यावर जातो. पट्टा त्या स्नायूला मधेच दाबून धरतो, त्यामुळे उंचवट्याकडे जाणारी ओढ कमी होते. म्हणून तो दुखऱ्या जागेवर बांधायचाच नसतो, आणि नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो. उंचवट्यापासून दोन बोटं खाली, मनगट उचलल्यावर फुगणाऱ्या मांसावर गादी यायला हवी. बांधताना मूठ हलकी वळलेली ठेवा. सैल हाताने घट्ट बांधला तर मूठ वळताना तो नस आवळतो. हात सैल सोडल्यावर पट्ट्याखाली एक बोट सरकलं पाहिजे. बोटं बधिर झाली, हाताचा रंग बदलला किंवा बोटं वर उचलायला जड वाटली तर लगेच काढा.

मापासाठी कोपराखालच्या हाताचा सर्वांत जाड भाग टेपने मोजा. शर्टच्या मापावरून अंदाज धरू नये. ‘सगळ्यांना बसेल’ असं छापलेला पट्टा बारीक हातावर गोल फिरतो आणि गादी भलत्याच बाजूला जाते.

खरी तक्रार घामाची. निओप्रीनचा (रबरासारख्या कापडाचा) पट्टा कोकणात किंवा मे महिन्यात दिवसभर बांधला तर खाली पुरळ येतं. आतून सुती कापड असलेला घ्यावा, आणि तरीही काम संपलं की उतरवावा. झोपताना तर नकोच. वेल्क्रोत कपड्यांचे धागे अडकले की काही महिन्यांत पकड जाते. जुन्या टूथब्रशने ते काढत राहिलं तर पट्टा थोडा जास्त टिकतो. एवढ्या कामापुरता पट्टा चांगला आहे. तो बांधून आधीइतक्याच बादल्या उचलत राहणं म्हणजे मात्र पट्ट्याचा गैरवापर.

पिळायचा रबरी दांडा

फूटभर लांबीचा, खाचा असलेला हा दांडा. सर्वांत माहितीतला थेराबँडचा फ्लेक्सबार. रंगावरून ताकद कळते: पिवळा 2.7 किलो, लाल 4.5, हिरवा 6.8 आणि निळा 11.3. सुरुवात लालपासून. हात नाजूक असेल किंवा दुखणं ताजं असेल तर पिवळा. ‘मी जिमला जातो’ म्हणून थेट निळा घेणाऱ्यांचा दांडा दुसऱ्या आठवड्यात कपाटात जातो.

उजवं कोपर दुखतंय असं धरून कृती अशी. दांडा उजव्या हातात उभा धरा, उजवं मनगट हाताच्या पाठीकडे वाकवलेलं. डाव्या हाताने वरचं टोक पकडा, डावा तळहात तुमच्यापासून पलीकडे. उजवं मनगट हलू न देता डाव्या मनगटाने दांडा पिळा. पीळ तसाच धरून दोन्ही हात समोर सरळ करा. दांडा आता आडवा झाला. मग डावा हात घट्ट ठेवून उजव्या मनगटाने पीळ सावकाश सोडा, मनात चारपर्यंत मोजत. उजवं मनगट हळूहळू खाली झुकत जाईल. औषध आहे ते या झुकण्यात: टेंडनवर भार असताना स्नायू लांब होत जातो. अशा 15 वेळा, मग 30 सेकंद विश्रांती, असे तीन फेरे, रोज एकदा.

बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. पीळ चांगल्या हाताने सोडला जातो, म्हणजे सगळा व्यायाम न दुखणाऱ्या कोपराला. कोपर वाकलेलंच राहतं, मग टेंडनवर पुरता ताण येत नाही. शेवटी दांडा झटक्यात सुटतो. आणि सर्वांत जास्त वेळा, थोडं दुखलं म्हणून सगळं थांबतं. करताना दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं आदल्या सकाळइतकंच असलं पाहिजे. वाढलेलं असेल तर एक फेरा कमी करा किंवा एक रंग खाली या, पण बंद करू नका. लाल दांड्यावर तीन फेरे आरामात झाले की हिरवा. फरक कळायला सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात, काहींना तीन महिने.

2010 साली न्यूयॉर्कमधल्या एका चाचणीत नेहमीच्या फिजिओथेरपीत हा व्यायाम मिळवला तेव्हा हाताच्या अडचणींचा गुणांक 76 टक्क्यांनी सुधारला, न मिळवलेल्यांचा 13 टक्क्यांनी. आकडे घवघवीत, पण रुग्ण अवघे 21. तेवढ्यावर जाहिरातबाजी करणाऱ्यांपासून जरा सांभाळून. आमचा भर त्या चाचणीपेक्षा मूळ तत्त्वावर आहे: टेंडनला हळूहळू वाढता भार दिला की ते सुधारतं, नुसत्या आरामाने ते आणखी दुबळं होतं.

म्हणूनच दांड्यावाचून अडत नाही. पाण्याची अर्धा लिटरची भरलेली बाटली म्हणजे अर्धा किलो. हात टेबलावर, मनगट कडेबाहेर, तळहात खाली. दुसऱ्या हाताने बाटलीसकट मनगट वर आणा आणि दुखऱ्या हाताने चार सेकंदांत खाली सोडा. सोपं झालं की लिटरची बाटली. मग दांडा घ्यायचा कशाला? बाटलीत भार ठरावीक पायऱ्यांनीच वाढतो. दांड्यात पीळ किती द्यायचा ते आपल्या हातात असतं. शिवाय तो ऑफिसच्या खणात मावतो.

स्वस्त नकलांमध्ये रंग तेच असतात, ताकद मात्र कशीही. लाल म्हणून आलेला दांडा हिरव्याएवढा कडक निघतो. काहींवर खाचा इतक्या उथळ की घामाने हात सटकतो. मूळ दांडा नैसर्गिक रबराचा, वास येतोच, आणि लेटेक्सची ॲलर्जी असलेल्यांनी तो घेऊ नये. उन्हात ठेवला की तडे जातात. तेल लावलेल्या हाताने तर धरूच नये.

जेलची ट्यूब

हातासाठी एका वेळी 2 ग्रॅम, दिवसातून चार वेळांपर्यंत. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर नोझलने काढलेली रेघ साधारण अर्धा ग्रॅम, म्हणजे अशा चार रेघा. वाटाण्याएवढं लावून ‘जेलने काही होत नाही’ म्हणणारे अर्धे बरोबर असतात. पूर्ण मात्रेत 30 ग्रॅमची ट्यूब चार दिवसांत संपते. ठणका थोडा कमी होतो. टेंडन बरं होत नाही.

बाजारातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये डायक्लोफेनॅकबरोबर मेंथॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट असतं. त्यावर पट्टा आवळला किंवा गरम पाण्याची पिशवी ठेवली तर कातडी भाजल्यासारखी होते. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असेल, ॲस्पिरिनने दमा उठत असेल किंवा गरोदरपणाचे शेवटचे महिने असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

आणि ते इंजेक्शन

कोपरातलं स्टेरॉइडचं इंजेक्शन ही या यादीतली सर्वांत लवकर खूश करणारी आणि नंतर सर्वांत निराश करणारी सेवा. काही दिवसांत दुखणं गायब, सहा आठवडे मजेत. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या 165 जणांच्या चाचणीत वर्षानंतर चित्र उलटलं: इंजेक्शन घेतलेल्यांपैकी 54 टक्क्यांचं दुखणं परतलं, खोटं इंजेक्शन मिळालेल्यांत 12 टक्क्यांचं. त्या जागी कातडी पांढरी पडू शकते, खालची चरबी झिजून खड्डा होऊ शकतो, आणि सावळ्या रंगावर ते लांबून दिसतं. मधुमेह असेल तर काही दिवस साखर वाढते, म्हणून सुई घेण्याआधी ते सांगावं. दुसरं, तिसरं इंजेक्शन सुचवलं गेलं तर व्यायाम नीट झाला होता का, हे आधी विचारावं.

टोकावरची सूज

कोपराच्या मागच्या टोकावर मऊ, फुग्यासारखी सूज आली, कोपर वाकवता-सरळ करता येतं, फार दुखत नाही, तर ते टेंडन नाही. हाड आणि कातडी यांच्यामधली बर्सा नावाची पातळ पिशवी पाण्याने भरली आहे. टेबलावर कोपर टेकून तासन्‌तास बसणं, कोपर आपटणं, गाउट (युरिक ॲसिड साचून होणारा सांध्यांचा आजार) ही नेहमीची कारणं. इथे पट्टा आणि दांडा दोन्ही निरुपयोगी. घ्यायचाच तर मधे पोकळ असलेला गादीदार पॅड घ्या, म्हणजे टोक टेकतच नाही. असल्या बहुतेक सुजा काही आठवड्यांत आपोआप ओसरतात.

सूज लाल, गरम, हात लावू देत नाही, किंवा ताप आहे, कातडीवर खरचटलेलं आहे, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. पिशवीत जंतू शिरलेले असू शकतात. अशा वेळी पाणी सुईने काढून प्रयोगशाळेत पाठवतात: पांढऱ्या पेशी, जंतूंचं कल्चर आणि युरिक ॲसिडचे स्फटिक. हा रिपोर्ट येण्याआधी त्याच पिशवीत स्टेरॉइड सोडायला कुणी निघालं तर थांबवा. आणि जंतू नसतील तर ‘फक्त पाणी काढून टाका’ असा आग्रह धरू नका. सुईच्या वाटेने जंतू आत जाऊ शकतात, आणि कोपर टेकायची सवय सुटली नाही तर पिशवी पुन्हा भरते.