चेक फोनवरून भरता येतो का? नागपुरातल्या किऑस्क, ड्रॉपबॉक्स आणि काउंटरची परीक्षा

अमेरिकेतली मुलगी घरबसल्या चेकचा फोटो काढून पैसे जमा करते, मग आपल्या ॲपमध्ये ते बटण का नाही? धरमपेठेपासून मनीषनगरपर्यंत कुठल्याही शाखेत हा प्रश्न कानावर पडतोच.

तिकडे 'चेक 21' कायदा 28 ऑक्टोबर 2004 पासून लागू आहे. चेकच्या प्रतिमेवरून छापलेल्या प्रतीला तिथे मूळ चेकचाच मान आहे. त्यामुळे फोटो पाठवला की कागद ग्राहकाकडेच राहिला तरी चालतो, आणि रोज किती रकमेचे चेक असे भरायचे ते ज्याची त्याची बँक ठरवते. आपल्याकडे बँकाबँकांत चेक वटवणाऱ्या सीटीएस (चेक ट्रंकेशन सिस्टिम) यंत्रणेतही प्रतिमाच फिरते, पण ती बँकेच्या स्कॅनरने काढलेली असते: समोरच्या बाजूच्या दोन, मागची एक. खालच्या पांढऱ्या पट्टीतले आकडे चुंबकीय शाईचे असतात, ते यंत्र वाचतं. चेक अतिनील दिव्याखाली तपासणं आणि मूळ कागद 10 वर्षं जपून ठेवणं, दोन्ही भरणा घेणाऱ्या बँकेकडे. ही कामं फोनचा कॅमेरा करू शकत नाही, म्हणून आपल्या नेहमीच्या बँकांच्या ॲपमध्ये ही सोय सरसकट मिळत नाही. 'चेकचा फोटो पाठवा, लगेच जमा करतो' असा व्हॉट्सॲप मेसेज आला तर उत्तर न देता ब्लॉक करा.

मग चेक टाकायचा कुठे? तीन वाटांपैकी किऑस्क, म्हणजे चेक स्वतः भरायचं यंत्र, सगळ्यात बरा. पाचपैकी चार गुण. खाते क्रमांक टाकायचा, पडद्यावर आलेलं नाव जुळवायचं, चित्रात दाखवलंय तसा चेक सरकवायचा, रक्कम टाकायची. यानंतर पडद्यावर चेकची प्रतिमा येते आणि लोक तिच्याकडे न पाहताच 'पुढे' दाबतात. तिथेच थांबा. सही पूर्ण आली का, अक्षरी रक्कम वाचता येते का, खालची पट्टी कापली तर गेली नाही ना, हे बघा. स्टेपल, चिकटपट्टी, घडी पडलेला कोपरा यामुळे यंत्र चेक परत ढकलतं. पांढऱ्या पट्टीवर शिक्का किंवा पेनची रेघ गेली असेल तर आकडे वाचले जात नाहीत. इतवारी-गांधीबागच्या दुकानांमधून येणाऱ्या चेकांवर हा शिक्का हमखास दिसतो.

पावतीवर चेकचं चित्र छापून येतं, तोच या यंत्राचा खरा फायदा. मात्र कागद थर्मल, म्हणजे उष्णतेने अक्षरं उमटणारा असतो. मे महिन्यातल्या आपल्या 45 अंशांत गाडीच्या डिक्कीत दुपारभर राहिला तर काळा पडू शकतो. तिथेच उभ्या उभ्या फोटो काढून ठेवा.

ड्रॉपबॉक्सला दोन गुण, तेही लहान रकमांपुरते. त्यात पोच मिळत नाही आणि पेटी केव्हा उघडणार ते वर लिहिलेल्या वेळेवर अवलंबून. चेक हरवला तर टाकला होता हे दाखवायला हातात काहीच नसतं. काउंटर संथ आहे, पण मोठ्या रकमेसाठी तोच. शिक्का मारलेली पोच मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ड्रॉपबॉक्स असला तरी काउंटरवर चेक घेऊन पोच द्यायला शाखेला नकार देता येत नाही. 'बाहेर पेटीत टाका' म्हणणाऱ्याला हे शांतपणे सांगा.

4 ऑक्टोबर 2025 पासून क्लिअरिंगची, म्हणजे चेक वटवण्याची पद्धत बदलली आहे. सकाळी 9 ते दुपारी 3 या वेळात शाखा चेक स्कॅन करत जाते आणि ते दिवसभर पुढे जात राहतात. पैसे देणाऱ्या बँकेने त्याच दिवशी संध्याकाळी 7 पर्यंत हो किंवा नाही कळवायचं. कळवलं नाही तर चेक मंजूर धरला जातो. म्हणजे सकाळी टाकलेला चेक त्याच दिवशी वटू शकतो. शाखेची स्वतःची कट-ऑफ वेळ मात्र आधीची असते. ती दारावरच्या फलकावर पाहा.

रकमेच्या मर्यादांबद्दलही गैरसमज खूप. चेकच्या रकमेला वरची हद्द नाही. 50,000 आणि त्यावरच्या चेकसाठी पॉझिटिव्ह पेची, म्हणजे चेकचा तपशील बँकेला आधीच कळवण्याची सोय आहे, आणि 5 लाखांपासून पुढे ती सक्तीची करायची मुभा बँकांना आहे. इथे फोन खरोखर कामाला येतो: चेक देणाऱ्याने स्वतःच्या ॲपमध्ये चेक क्रमांक, तारीख, नाव आणि रक्कम भरायची. ते राहिलं तर खात्यात पैसे असूनही चेक परत येऊ शकतो, म्हणून चेक घेतानाच विचारून घ्या. पूर्ण केवायसी न केलेल्या 'स्मॉल अकाउंट'मध्ये वर्षभरात सगळी मिळून 1 लाखच जमा होऊ शकते, चेकने आली तरी. घरकामाला येणाऱ्या बाईंच्या खात्यात मोठा चेक अडकला तर आधी हे तपासा.

रोख रकमेचं गणित वेगळं. स्टेट बँकेच्या रोख भरायच्या यंत्रात कार्डाशिवाय एका वेळी 49,900 आणि कार्डाने, खात्याला पॅन जोडलेला असेल तर, 2 लाखांपर्यंत. पण एका वेळी 200 च नोटा, म्हणजे सगळ्या पाचशेच्या असल्या तरी 1 लाखावर गाडी थांबते, आणि शंभराच्या असल्या तर 20,000 वरच. बचत खात्यात आर्थिक वर्षात 10 लाख किंवा जास्त रोख भरली की बँक आयकर खात्याला कळवते. चेकने आलेले पैसे त्या बेरजेत धरत नाहीत.

चेक परत आला तर नुसत्या एसएमएसवर समाधान मानू नका, रिटर्न मेमो, म्हणजे चेक का परत आला ते सांगणारा बँकेचा कागद मागा. चेक न वटल्याबद्दलची, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 खालची नोटीस चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून 30 दिवसांत पाठवावी लागते. शिवाय चेक तारखेपासून 3 महिनेच चालतो. तो पुन्हा लावायचा असेल तर त्याच मुदतीत लावा.