पास झालेली पीयूसी आणि पोकळ सायलेन्सर

आमची सॅन्ट्रो २००९ सालची, पेट्रोलवर चालणारी. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिला पंधरा वर्षे पूर्ण होणार होती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढच्या पाच वर्षांसाठी ती वाढवायची तर आरटीओत गाडी दाखवून रिपासिंग करून घ्यावे लागते, हे पुण्यात जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. एप्रिल २०२२ मध्ये चारचाकीसाठी हे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले होते. पर्यावरण कर वेगळा. एवढा खर्च करायचाच आहे तर गाडी आधीपासून नीट ठेवावी, या विचाराने मी ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस संपलेली पीयूसी, म्हणजे गाडीचा धूर मर्यादेत असल्याचे प्रमाणपत्र, नव्याने काढायला गेलो, आणि माझी फसवणूक तिथूनच सुरू झाली. तीत माझाही थोडा हात होता, हे आधीच कबूल करतो.

पेट्रोल पंपाशेजारी व्हॅन लावून बसणारे एक पीयूसी केंद्र आहे. तिथल्या मुलाने सायलेन्सरमध्ये प्रोब, म्हणजे धूर मोजायची नळी, घातला, संगणकाकडे पाहिले आणि मान हलवली. पडद्यावर कार्बन मोनॉक्साइड ०.८४ टक्के आणि हायड्रोकार्बन ४१० पीपीएम (दहा लाखांत ४१० भाग) असे आकडे होते. भारत स्टेज दोन आणि तीन या प्रदूषण मानकांच्या, म्हणजे आमच्यासारख्या जुन्या, पेट्रोल चारचाकींना ही मर्यादा अनुक्रमे ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम आहे. म्हणजे एका आकड्यात गाडी पास होती आणि दुसऱ्यात नापास. हे आकडे मी नंतर शोधून पाहिले. त्या दिवशी मला एवढेच कळले की आपली गाडी 'फेल' आहे.

मी नापास झाल्याचा कागद मागितला. मुलगा म्हणाला, "काका, फेलची पावती काढली की सिस्टीममध्ये नोंद होते, मग तुमची गाडी सगळीकडेच अडेल." हे साफ खोटे होते. जून २०२१ मध्ये केंद्र सरकारने देशभरासाठी पीयूसीचा एकच नमुना ठरवला, त्यात क्यूआर कोड आला, आणि त्याच वेळी नापास गाडीला तशी पावती देण्याची तरतूदही आली. ती पावती गॅरेजवाल्याला दाखवून दुरुस्ती करून घेता यावी, किंवा केंद्राच्या यंत्राबद्दलच शंका असेल तर दुसरीकडे तपासणी करून घेता यावी, हाच तिचा उद्देश आहे. पावती हातात असती तर पुढे काय दुरुस्त झाले आणि काय नाही, हे मला आकड्यांवरून दाखवता आले असते. तीच नेमकी मला मिळाली नाही. तिच्याऐवजी एका गॅरेजचा नंबर मिळाला.

गॅरेज जवळच होते. तिथल्या माणसाने गाडी सुरू करून दोन मिनिटे कान दिला आणि निदान सांगितले, "कॅटकॉन चोक झालाय. जुन्या गाड्यांना होतोच." कॅटकॉन म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. इंजिन आणि सायलेन्सर यांच्यामध्ये बसणारा हा पत्र्याचा डबा. त्याच्या आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची सिरॅमिकची वीट असते आणि त्या विटेवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा पातळ थर असतो. इंजिनातून येणारा विषारी धूर या थरावरून जाताना बऱ्याच अंशी निरुपद्रवी होतो. नवा कंपनीचा घ्यायचा तर तीस हजारांच्या पुढे जाईल, असे त्याने सांगितले आणि लगेच तोडगाही सुचवला. साडेसहा हजारांत केमिकल वॉश करून देतो, पीयूसी मी स्वतः काढून आणतो, तुम्ही दुपारी फक्त गाडी न्यायला या. बिल हवे असेल तर अठरा टक्के जीएसटी वर. मी बिल नको म्हणालो. हजार-बाराशे रुपये वाचवल्याचे समाधान मला त्या दिवशी झाले होते, हे लिहायला आज लाज वाटते.

साडेअकराच्या सुमारास मोबाइलवर पीयूसीच्या नोंदीसाठी लागणारा ओटीपी आला आणि पाठोपाठ गॅरेजमधून फोन आला. मी आकडा सांगून टाकला. माझे बाजारातले काम लवकर आटोपले म्हणून पावणेबाराला मी सहज गॅरेजपाशी डोकावलो. गाडी जॅकवर उचललेली होती, सायलेन्सरचा पुढचा भाग काढून जमिनीवर ठेवलेला होता आणि एक पोरगा त्याच्याशी काहीतरी खटपट करत होता. नातवाला दाखवायला म्हणून मी त्याचा फोटोही काढला. दुपारी दोन वाजता गाडीबरोबर पीयूसी मिळाली, कार्बन मोनॉक्साइड ०.२१ टक्के, पास. प्रमाणपत्रावर तपासणीची वेळ ११.३८ छापलेली होती. सायलेन्सर जमिनीवर असताना गाडीचा धूर कोणी आणि कसा तपासला, हा प्रश्न त्या कागदाकडे बघताना मला सुचला नाही. प्रोब दुसऱ्याच गाडीत घालून प्रमाणपत्रावर तिसऱ्याच गाडीचा क्रमांक छापण्याचा प्रकार सर्रास चालतो, हे मला पुढे कळले.

परतताना गाडीचा आवाज बदलल्यासारखा वाटला. थोडा मोठा, थोडा पोकळ, रिकाम्या पिंपात बोलल्यावर येतो तसा. "साफ केलाय ना, आता मोकळा श्वास घेतेय," हे गॅरेजवाल्याचे उत्तर मला पटले. दिवाळीपर्यंत मात्र सिग्नलला काचा खाली असल्या की पेट्रोलचा उग्र वास यायचा, डोळे चुरचुरायचे, आणि पूर्वी लिटरला चौदा किलोमीटर देणारी गाडी अकरावर आली. सौ. तर गाडीत बसायलाच नको म्हणू लागली. कागदावर गाडी फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत स्वच्छ होती, म्हणून मीही दुर्लक्ष केले. खिशात वैध पीयूसी असल्यावर आपल्या नाकावरही आपला विश्वास राहत नाही.

जानेवारीत रिपासिंगच्या तयारीसाठी एका नातेवाइकाने सुचवलेल्या दुसऱ्या मेकॅनिककडे गेलो. हा माणूस कमी बोलणारा. गाडी रॅम्पवर घेतल्यावर त्याने कन्व्हर्टरच्या डब्यावर लाकडी हातोड्याने दोनदा टिचकी मारली आणि मला खाली बोलावले. डब्याच्या एका कडेने बोटभर जाडीचे ताजे वेल्डिंग होते आणि त्यावर चंदेरी रंग फासलेला होता. डबा कापून वीट बाहेर काढायची आणि पुन्हा डागून बसवायचे, ही या धंद्यातली जुनी चलाखी असल्याचे त्याने सांगितले. मागे मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात चोरीला जात असल्याच्या बातम्या आपण वाचल्या, त्या चोऱ्यांच्या मुळाशी हेच मौल्यवान धातू होते. फरक इतकाच, की ईकोवाल्यांच्या गाड्या रात्री फोडल्या गेल्या आणि मी माझी दिवसाढवळ्या किल्लीसकट नेऊन दिली, वर साडेसहा हजार मोजले.

त्याहून वाईट गोष्ट त्याने स्कॅनर, म्हणजे गाडीतले सेन्सर तपासायचे यंत्र, लावल्यावर कळली. इंजिनातून निघालेल्या धुरात प्राणवायू किती उरला, हे सांगणारा ऑक्सिजन सेन्सर कन्व्हर्टरच्या आधी बसवलेला असतो. त्याचा आकडा साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली होत राहिला पाहिजे. आमच्या गाडीत तो ०.२ च्या आसपास चिकटून बसला होता. म्हणजे तो गाडीतल्या संगणकाला सतत 'पेट्रोल कमी पडतेय' अशी खोटी बातमी देत होता आणि संगणक बिचारा जास्तीचे पेट्रोल सोडत होता. जास्तीचे पेट्रोल पुरते जळत नाही, त्यातून कार्बन मोनॉक्साइड वाढतो. ऑगस्टमध्ये कन्व्हर्टर हे सारे शक्य तेवढे निस्तरत होता, म्हणून आकडा ०.८४ वर थांबला होता. दोष सेन्सरचा होता आणि बळी गेला तो कन्व्हर्टरचा. खातरजमा करायला आम्ही दुसऱ्या केंद्रावर, इंजिन चांगले तापलेले असताना, माझ्यासमोर तपासणी करून घेतली. कार्बन मोनॉक्साइड २.९ टक्के, हायड्रोकार्बन ७८० पीपीएम, दोन्हीत नापास. इथल्या माणसाने १२५ रुपये घेऊन नापास झाल्याची पावती न मागता दिली.

नवा सेन्सर ३,२०० रुपयांचा, प्लग आणि एअर फिल्टर मिळून हजारभर, आणि बाजारात मिळणारा कन्व्हर्टर मजुरीसह १९,००० रुपयांचा, असा खर्च आला. यातले पहिले सव्वाचार हजार ऑगस्टमध्येच खर्च झाले असते तर पुढचे काहीच घडले नसते. नंतरच्या तपासणीत कार्बन मोनॉक्साइड ०.१२ टक्के आणि हायड्रोकार्बन ९० पीपीएम आले आणि फेब्रुवारीत रिपासिंगही विनासायास झाले.

या सगळ्यातून मी आता काय करतो, तेही सांगून ठेवतो, कारण ज्यांच्या गाड्यांना लवकरच पंधरा वर्षे होतील त्यांना ते उपयोगी पडेल. थंड गाडी तपासणीला नेत नाही. दहा-पंधरा मिनिटे चालवून मगच नेतो, कारण कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही आणि थंड गाडी विनाकारण नापास होऊ शकते. प्रोब माझ्या गाडीत गेलेला डोळ्यांनी पाहतो आणि पडद्यावरचे आकडे स्वतः टिपतो. ओटीपी केंद्रावर उभा असतानाच देतो, फोनवरून कोणालाही नाही. नापास झालो तर पावती घेतल्याशिवाय हलत नाही. घरी आल्यावर परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक आणि चासीचे शेवटचे पाच आकडे टाकून नोंद तपासतो. 'कॅटकॉन गेलाय' असे कोणी म्हणाले तर आधी स्कॅनर लावून सेन्सर दाखव असे सांगतो, आणि कन्व्हर्टर बदलावाच लागला तर जुना माल मला परत हवा, ही अट काम सुरू होण्याआधी घालतो. ही अट ऐकून ज्याचा चेहरा उतरतो त्याच्याकडून गाडी परत घेतो. बिलाशिवाय काम नाही, हे वेगळे सांगायला नको.

बिल नसल्याचा फटका तक्रार करताना बसला. पैसे यूपीआयने दिले होते, तेही गॅरेजच्या नव्हे तर कुणा वैयक्तिक खात्यावर, पण निदान त्याची नोंद राहिली. गॅरेजवाल्याने "काका, तुमचा कॅट आधीच जळून गेलेला होता, मी तर तुमचं काम करून दिलं" असे म्हणून हात झटकले. पीयूसी केंद्राविरुद्ध मी आरटीओकडे लेखी तक्रार दिली आणि त्याला प्रमाणपत्राची प्रत जोडली, आणि प्रमाणपत्रावरच्या वेळेच्या सुमारास काढलेला जॅकवरच्या गाडीचा फोटोही जोडला. नातवासाठी काढलेला तो फोटो असा कामी आला. मुळात वैध पीयूसीच्या नावाखाली प्रदूषण करणारी गाडी मी पाच महिने रस्त्यावर चालवली. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार प्रदूषणाच्या मर्यादा मोडणाऱ्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. रस्त्यात कुठे तपासणी झाली असती तर तो माझ्या नावावर आला असता, त्यांच्या नव्हे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क लागत नाही, असे कळल्यावर तिथलेही कागद तयार केले.

त्या कागदांबरोबर तो कापलेला, पुन्हा डागलेला डबाही दाखवावा म्हणून मी नव्या मेकॅनिककडून मागून आणला आणि जिन्याखाली पोत्यात ठेवला. मागच्या आठवड्यात रद्दी न्यायला आलेल्या भंगारवाल्याची नजर त्यावर गेली. त्याने तो एका हाताने उचलला, वेल्डिंगवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "यातला माल काढलाय, साहेब. नुसत्या पत्र्याचा भाव देईन." मी डबा पुन्हा पोत्यात घातला.