मरीन प्लायचा रिव्ह्यू: गॅबनचं ओकुमे, कुडाळचं दुकान आणि मालवणचा पावसाळा

मालवणच्या घराचं किचन आणि दोन कपाटं करायची होती, चतुर्थीच्या आधी काम संपायलाच हवं होतं, आणि आपल्याकडची हवा सगळ्यांना माहीत आहे, जूनपासून कपडे सुकत नाहीत तिथे प्लाय काय सुकणार, त्यात समुद्र जवळ. हलका माल निघाला तर दुसऱ्याच पावसात पापुद्रे सुटतात. आधी एका दुसऱ्या दुकानातून घेतलेल्या प्लायचं तेच झालं होतं, वर शिक्का मरीनचा, म्हणजे ओलाव्यात टिकणारी, आणि सिंकखालचं दार फुगून बंदच होईना. म्हणून यावेळी भरपूर चौकशी करून कुडाळच्या एका दुकानातून १९ एमएमची आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) प्लाय घेतली, ओकुमे फेसवाली, म्हणजे वरचा-खालचा पातळ थर ओकुमे या आफ्रिकेतल्या लाकडाचा. आता एक अख्खा पावसाळा काढलाय तिने, म्हणून लिहितोय.

दुकान आवडलं. शीट्स आडव्या रचलेल्या, खाली लाकडी पट्ट्या घालून जमिनीपासून वर, भिंतीला टेकवून उभी ठेवलेली एक पण नाही (उभी ठेवली की बाक येतो, मेस्त्री नंतर कितीही ठोकूदेत). दुकानवाले काका स्वतः काउंटरवर असतात. मी गुर्जन या जड लाकडाचा फेस मागितला तर म्हणाले, "गुर्जन आता खंय गावता? ह्यां गॅबनचां लाकूड, ह्यां घेवा." आणि मग कारण पण सांगितलं, की गुर्जन मुख्यतः म्यानमारमधून यायचं, २०१४ मध्ये म्यानमारने ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं आणि तेव्हापासून आपल्याकडच्या प्लायवाल्यांनी हळूहळू ओकुमे धरलं. अजूनही मिळतं गुर्जन, पण भाव ऐकूनच सोडून दिलं.

हे ऐकून मी घरी येऊन गॅबनबद्दल वाचत बसलो आणि खरं सांगतो, जो माणूस घरात प्लाय लावतोय त्याने हे वाचायला पाहिजे. मध्य आफ्रिकेतला देश, पश्चिमेला अटलांटिक, विषुववृत्त देशाच्या मधूनच जातं. आकाराने महाराष्ट्रापेक्षा थोडाच लहान, २ लाख ६७ हजार चौरस किलोमीटर, आणि माणसं साधारण २५ लाख! म्हणजे २०११ च्या जनगणनेत आपला रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून जेवढी होती तेवढीच अख्ख्या देशात. त्यातले पण दहातले जवळपास नऊ जण शहरात राहतात, राजधानी लिब्रेव्हिल समुद्रकाठीच आहे. बाकी ८५ टक्क्यांहून जास्त जमीन जंगलाखाली. ओकुमे हे झाड जगात वाढतं ते मुख्यतः याच पट्ट्यात, गॅबन आणि शेजारचे एकदोन देश.

पैसा येतो तेलातून, मोआंडाच्या मँगनीजमधून आणि लाकडातून. आतला माल समुद्रापर्यंत आणायला एकच रेल्वे आहे, फ्रान्सव्हिल ते ओवेंडो बंदर, साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास, घनदाट जंगलातून काढलेली आणि १९८६ मध्ये पूर्ण झालेली. आपली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ ला, त्यामुळे असल्या पावसात असली लाईन टाकणं म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको.

राज्यकारभाराचं मात्र वाचून वाईट वाटलं. १९६० ला फ्रान्सपासून स्वातंत्र्य, १९६७ पासून ओमर बोंगो, ते २००९ ला वारले तर त्यांचा मुलगा अली बोंगो, म्हणजे पन्नासवर वर्षं एकाच घरात सत्ता. तेलाचा एवढा पैसा, माणसं एवढी कमी, आणि तरी साधारण तीनातला एक माणूस गरीब. ३० ऑगस्ट २०२३ ला निवडणुकीचा निकाल जाहीर झाल्या झाल्या लष्कराने सत्ता घेतली, आणि त्यातले जनरल ओलिगी न्गेमा एप्रिल २०२५ मध्ये निवडणूक जिंकून आता राष्ट्राध्यक्ष आहेत.

पण अली बोंगोंच्या सरकारचा एक निर्णय मला मनापासून पटला. २०१० मध्ये त्यांनी गोल ओंडके निर्यात करायला बंदी घातली. लाकूड न्यायचंय ना, मग इथे कारखाना टाका, इथल्या माणसाला काम द्या, आणि सोलून, कापून, सुकवून मगच बाहेर न्या. लिब्रेव्हिलजवळ न्कोक म्हणून खास औद्योगिक क्षेत्र उभं केलं, तिथे भारतातले बरेच लाकूडवाले गेले. आपल्या फेसचा पातळ कागदासारखा थर तिथे सोलला जातो आणि गठ्ठे बांधून कंटेनरमधून येतो. सगळं सुरळीत चालतं असं नाही, २०१९ मध्ये केवाझिंगो या महागड्या लाकडाचे साडेतीनशेच्या वर जप्त केलेले कंटेनर ओवेंडो बंदरातून गायब झाले आणि त्यात उपराष्ट्राध्यक्ष आणि वनमंत्री दोघांची पदं गेली. पण निदान कायदा आहे आणि पद जातं. आपल्याकडे खाजगी रानं साफ होतात, जळाऊ म्हणून ट्रक भरभरून घाटावर जातो माल, आणि गावात मागे काय राहतं? एक सॉ मिलसुद्धा नाही. मला याचा राग येतो.

आता प्लाय. "गॅबनची प्लाय" असं कोणी सांगितलं तर नीट समजून घ्या, गॅबनचा असतो तो फक्त वरचा आणि खालचा फेस. मधला कोअर बहुतेक आपल्याकडचाच, निलगिरी नाहीतर पॉप्लर, आणि चिकटवणं यमुनानगर, गांधीधाम असल्या ठिकाणी. टिकणं ठरतं ते कोअर आणि ग्लूवर. ओकुमे तसं हलकं लाकूड, घनमीटरला साडेचारशे किलोच्या आतबाहेर, गुर्जन त्याच्या दीडपट तरी जड. आणि वाळवीपुढे ओकुमे स्वतःच्या जोरावर टिकत नाही, म्हणून ट्रीटमेंट केलेलीच घ्यायची, आयएस ७१० मध्ये ती धरलेली असते.

आमच्या मेस्त्रींनी कडेने बघून घेतलं. कापलेल्या कडेला थर एकसारखे, मध्ये पोकळी नाही, फेस फिकट गुलाबीसर. काकांनी एक तुकडा फुकट कापून दिला, तो घरी टोपात घालून दुपारभर उकळला. कायद्याची टेस्ट ७२ तासांची असते, तेवढा गॅस कोण जाळणार, पण हलका माल पहिल्या दोनचार तासांतच उघडा पडतो. हा तुकडा कडेला नखाने उचकटून बघितला, एकही थर हलला नाही, पाणी थोडं लालसर झालं इतकंच.

पावसाळ्यानंतरची स्थिती अशी, सिंकखालचं दार सरळ आहे, बिजागरीचे स्क्रू घट्ट आहेत, बुरशी फक्त एका कपाटाच्या मागे आली कारण ते ओल्या भिंतीला चिकटवून ठेवलं होतं, प्लायचा दोष नाही. फेस मऊ आहे हे खरं, मेस्त्रींनी पॉलिश पेपर जरा जोरात मारला तर एका जागी खालचा थर दिसायला लागला, तेव्हा ज्यांना सनमायका न लावता नुसतं पॉलिश करायचंय त्यांनी ओकुमे घेऊ नये, सरळ सागवान व्हिनियर घ्या.

तक्रारी दोन. डिलिव्हरीचा टेम्पो सांगितलेल्या दिवशी आला नाही आणि मेस्त्री बसून राहिले, चतुर्थीच्या तोंडावर हे परवडत नाही. आणि बिलावर आधी फक्त "प्लाय १९ एमएम" लिहिलं होतं, मी मागितल्यावर ब्रँड, आयएस नंबर आणि ग्रेड लिहून दिलं, खळखळ न करता दिलं पण स्वतःहून द्यायला हवं.

माल पाचपैकी साडेचार, दुकान चार. कोणी जाणार असेल तर मे महिन्याच्या आधीच जा, आगोटीच्या (पावसाळ्याआधीच्या तयारीच्या) गडबडीत टेम्पो मिळत नाही, आणि सगळ्या कडांना, मागच्या आणि खालच्या पण, बसवायच्या आधी प्रायमर नाहीतर एज बँड (कडेला चिकटवायची पट्टी) मारून घ्या, मेस्त्री "दिसत नाही तिकडे कशाला" म्हणतील तरी ऐकू नका.