विल्टशरमधला इन आणि बिअरहाउस

इन म्हणजे वाटसरूंची सराई. इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यात, लंडन-बाथ रस्त्यावरच्या मार्लबरो गावचा ‘कॅसल इन’ म्हणजे मुळात सरदार घराण्याचा वाडा. १७८४ मध्ये याच रस्त्याने ब्रिस्टलहून लंडनला पहिली टपालगाडी धावली, आणि अशा इनना बरकत आली. गाडी आत येईल एवढी उंच कमान, मागे तबेले, ताज्या दमाचे घोडे तयार. जुने घोडे सोडून नवे जुंपायला काही मिनिटं पुरत. मुक्कामी प्रवाशाला शेकोटी, जेवण, बिछाना; पण खिसा गरम हवा.

बिअरहाउसची गोष्टच वेगळी. १८३० च्या कायद्याने करदात्या घरमालकाला दोन गिनी (तेव्हाचं इंग्रजी चलन) भरून बिअर विकायची मुभा मिळाली. जिन-ब्रँडी मात्र नाही. मग कुणी आपल्या घराचीच पुढची खोली मोकळी केली. एक बाक, कोपऱ्यात पिंप, घरधनीण बिअरचा जग भरून आणून देणार. दिवसभर राबलेला शेतमजूर इथे टेकायचा आणि मजुरीबद्दल मोकळेपणाने बोलायचा. त्याच वर्षी मजुरांनी मळणीयंत्रं फोडली, तेव्हा जमीनदारांनी या खोल्यांवर खापर फोडलं. मला ते अन्यायाचं वाटतं. पोटात भूक होती, ती बिअरने आणलेली नव्हती.

वाटसरूसाठी इनच सरस, यात वाद नाही. पण गावाचं मन कळायचं असेल तर मी बिअरहाउसचाच उंबरा ओलांडेन. इनचा जीव रस्त्यात होता: १८४१ मध्ये लंडन-ब्रिस्टल रेल्वे पूर्ण झाली, आणि दोनच वर्षांत ‘कॅसल इन’च्या इमारतीत शाळा भरू लागली.