ओव्हरक्लॉक केलेल्या संगणकात ६४ जीबी डीडीआर५ रॅम : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

रायझन ७००० मालिकेचा प्रोसेसर असलेल्या माझ्या संगणकात १६ जीबीच्या दोन रॅम स्टिक होत्या. व्हिडिओ संपादनाच्या जोडीला व्हर्च्युअल मशीन (संगणकातच चालणारा दुसरा आभासी संगणक) चालवू लागल्यावर ३२ जीबी अपुरी पडू लागली. रिकाम्या स्लॉटमध्ये तशाच आणखी दोन स्टिक बसवणे हा सोपा मार्ग होता. परंतु या मालिकेसाठी एएमडीने जाहीर केलेला वेग दोन स्टिकना ५२०० आणि चार स्टिकना केवळ ३६०० एमटी (मेगाट्रान्सफर, म्हणजे दशलक्ष वेळा डेटाची देवाणघेवाण) प्रति सेकंद आहे. त्यापुढचे सारे मेमरी कंट्रोलरच्या (प्रोसेसरमधल्या रॅम हाताळणाऱ्या भागाच्या) कुवतीवर अवलंबून असते आणि ती एकाच मॉडेलच्या दोन प्रोसेसरमध्येही सारखी नसते. म्हणून जुन्या स्टिक काढून ३२ जीबीच्या दोन स्टिकचा, ६००० एमटी, सीएल३० (मागितलेला डेटा मिळू लागेपर्यंतचे घड्याळ-ठोके) आणि १.३५ व्होल्टचे एक्स्पो प्रोफाइल (रॅममध्येच साठवलेल्या वाढीव वेगाच्या तयार सेटिंग) असलेला संच घेतला.

६४०० सीएल३२ चा संचही पाहिला होता, पण हिशेब केला तर दोन्हींची कॅस लेटन्सी, म्हणजे हाच विलंब वेळेत मोजला तर, १० नॅनोसेकंदच येते. शिवाय ६००० ला कंट्रोलर रॅमच्या बरोबरीच्या घड्याळावर सहसा निर्धास्त चालतो. त्याहून वर जाताना तो निम्म्या वेगावर उतरवावा लागला, तर लेटन्सी वाढून मिळवलेले बरेचसे हातचे जाते.

नवी रॅम या वेगाला स्थिर चालते का याच्या चाचणीच्या वेळी प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणे) पूर्णपणे काढून टाकले, कारण दोन्ही एकत्र तपासले तर चूक नेमकी कोणाची हे कळत नाही. आधी पेन ड्राइव्हवरून, विंडोज सुरू न करता, मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारे सॉफ्टवेअर चालवले. अस्थिर रॅमवर विंडोज सुरू केल्यास डिस्कवरच्या फाइली बिघडू शकतात, त्यामुळे हा क्रम मला अत्यावश्यक वाटतो. त्यानंतर विंडोजमध्ये रॅम तपासणारे टेस्टमेम५, आणि शेवटी कंट्रोलर व कोअर या दोहोंवर ताण आणण्यासाठी मोठ्या एफएफटीसह (रॅमही भरपूर वापरणाऱ्या मोठ्या आकडेमोडीसह) प्राइम९५ हे ताण-चाचणीचे सॉफ्टवेअर. डीडीआर५ च्या चिपमध्ये अंतर्गत त्रुटीदुरुस्ती असते म्हणून काही जण चाचणी आटोपती घेतात, ते मला मुळीच पटत नाही. ती दुरुस्ती चिपच्या आतल्या बिटपुरती असते. चिप आणि प्रोसेसर यांच्यामधल्या मार्गावर झालेली चूक तिला दिसतच नाही, आणि वेग वाढवल्यावर ताण येतो तो याच मार्गावर.

खरी कसोटी उष्णतेची लागली. रॅमच्या पेशींतला विद्युतभार झिरपत असल्याने त्या ठरावीक काळाने ताज्या कराव्या लागतात. त्यासाठीच्या लागोपाठच्या दोन आज्ञांमधला काळ, म्हणजे टीआरईएफआय, डीडीआर५ मध्ये साधारण ३.९ मायक्रोसेकंद असतो, म्हणजे ६००० च्या वेगाला ११,७०० घड्याळ-ठोके. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) टीआरईएफआय ६५,५३५ पर्यंत वाढवता येते आणि त्याने कार्यक्षमता सुधारतेही. मात्र स्टिक जितकी तापते तितका भार लवकर झिरपतो. नुसत्या रॅमच्या चाचणीत ६५,५३५ हे मूल्य तासन्‌तास निर्दोष चालले. ग्राफिक्स कार्डवरही पूर्ण ताण दिला, तेव्हा त्याची गरम हवा थेट स्टिकवर येऊन तापमान चढले आणि चुका दिसू लागल्या. मूल्य ३२,७६८ वर आणले आणि स्टिककडे वारा जाईल असा एक पंखा बसवला. तेव्हापासून ही एकत्रित चाचणीही स्वच्छ पार पडते. ग्राफिक्स कार्डला आराम देऊन केलेली रॅमची चाचणी माझ्या मते अपुरीच आहे.

रोजच्या कामात सर्वांत मोठा फरक क्षमतेने पडला. व्हर्च्युअल मशीन चालू असताना डिस्कवर होणारे स्वॅपिंग (रॅम अपुरी पडल्यावर डेटा डिस्कवर हलवणे) थांबले, तर रॅमचे टायमिंग (विलंबाचे आकडे) आवळल्याने व्हिडिओ एक्सपोर्टच्या वेळेत जाणवण्याजोगा बदल झाला नाही. नव्या रॅमचे पहिले ट्रेनिंग (कंट्रोलरने रॅमशी जुळवून घेणे) होताना पडदा काही मिनिटे काळाच राहतो, तेव्हा घाईने वीज बंद करू नये. पुढे मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर (आधीच्या ट्रेनिंगची माहिती पुन्हा वापरण्याची बायोसमधली सोय) सुरू केल्यावर संगणक लवकर चालू होतो. बायोस अद्ययावत केले की रॅमच्या स्वयंचलित सेटिंग बदलू शकतात, त्यामुळे प्रत्येक वेळी मी व्होल्टेज आणि टायमिंग पुन्हा पडताळतो आणि ग्राफिक्स कार्डासह संपूर्ण चाचणी नव्याने घेतो.