सुझ्दाल की नोवगोरोद? हातात दोनच दिवस असतील तर

मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग ठरलेलंच असतं. मध्ये दोन दिवस उरतात आणि घोडं अडतं: जुनं रशियन शहर एकच बघायचं, तर कोणतं? दहातले नऊ जण सुझ्दाल सांगतात. माझं मत दुसरीकडे झुकतं, पण आधी सुझ्दालला न्याय देऊ.

सुझ्दालचा इतिवृत्तातला पहिला उल्लेख 1024 चा. राजपुत्र युरी दोल्गोरुकीनं इथून राज्य केलं. त्याचा मुलगा आंद्रेई यानं 1157 मध्ये गादी शेजारच्या व्लादिमीरला नेली, आणि सुझ्दालचं राजकारण जवळजवळ तिथंच आटोपलं. पुढे एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली तीही व्लादिमीरवरून गेली, सुझ्दाल बाजूला राहिलं. गावकऱ्यांना तेव्हा हळहळ वाटली असेल, पण आज आपण बघतो ते याच उपेक्षेमुळे टिकलंय. कामेंका नदीचं वळण, मातीचे तट, निळ्या घुमटांवर सोनेरी तारे असलेलं कॅथेड्रल, आणि दहा हजारांच्या आत-बाहेर वस्तीच्या गावात मोजता मोजता दमावं इतकी चर्च. येव्फिमी मठाच्या लालसर भिंतींआड एके काळी तुरुंग होता. दुसऱ्या महायुद्धात स्टालिनग्राडला शरण आलेल्या जर्मन फील्ड मार्शल पाउलुसलाही काही काळ तिथंच ठेवलं होतं. संध्याकाळी मठाची घंटा ऐकायची, मेदोवुखा, म्हणजे मधाची दारू, घ्यायची, गावभर पायी फिरायचं. फोटो तर वाईट येणं कठीणच.

आता नोवगोरोद. तिकीट काढताना ‘वेलिकी’ नोवगोरोदच आहे ना, हे दोनदा बघा. व्होल्गाकाठचं निझनी नोवगोरोद हे वेगळं, भलंमोठं शहर आहे.

इथं पोचल्यावर पहिल्या तासाभरात थोडी निराशा होते, हे आधीच सांगतो. रुंद रस्ते, सोव्हिएत काळातल्या इमारती. 1941 ते 1944 शहर जर्मनांच्या ताब्यात होतं, आणि ते गेले तेव्हा जेमतेम चाळीसेक इमारती धड उरल्या होत्या. नेरेदित्साच्या चर्चमधली बाराव्या शतकातली बहुतेक भित्तिचित्रं तोफांनी संपवली. म्हणजे वर दिसतं त्यातलं बरंचसं दुरुस्त केलेलं किंवा नव्यानं उभारलेलं. मात्र इथल्या क्रेमलिनमध्ये, म्हणजे जुन्या किल्ल्यात, ज्याला तिथले लोक देतिनेत्स म्हणतात, 1050 मध्ये पुरं झालेलं सोफिया कॅथेड्रल उभं आहे. त्याच्यापुढं सुझ्दालची जुनी चर्चही पोरसवदा ठरतात.

पण नोवगोरोदचा खरा ऐवज जमिनीत होता. 1136 मध्ये या शहरानं आपल्या राजपुत्राला चक्क हाकलून दिलं. पुढे साडेतीन शतकं इथं ‘वेचे’, म्हणजे नागरिकांची सभा, चालत असे. 1478 मध्ये मॉस्कोच्या तिसऱ्या इवाननं शहर गिळलं आणि सभेची घंटा उतरवून मॉस्कोला नेली. घंटेची काय धास्ती वाटली असेल बघा!

अशा शहरात लिहिणारे फक्त पाद्री आणि दरबारीच नव्हते. इथल्या ओल्या मातीत हवा शिरत नाही, त्यामुळे लाकूड, चामडं, सालं कुजत नाहीत. 1951 मध्ये उत्खननात पहिलं भूर्जपत्र निघालं, आणि आजवर अकराशेच्या वर निघाली आहेत. भूर्जपत्र म्हटलं की आपल्याला पोथ्या आठवतात. इथं मात्र उधारीची यादी, घरची निरोपानिरोपी, लग्नाची मागणी, सगळं टोकदार दाभणासारख्या लेखणीनं सालीवर कोरलेलं.

त्यातला ओन्फीम मला सर्वांत जवळचा. तेराव्या शतकातला, सहा-सात वर्षांचा असावा. सालीच्या डब्याच्या बुडावर त्यानं मुळाक्षरं गिरवली, मग ‘बा वा गा दा, बे वे गे दे’ अशी चक्क बाराखडी. अभ्यासाचा कंटाळा आल्यावर डबा उलटा केला आणि लांब मानेचा, जीभ बाहेर काढलेला प्राणी काढला. शेजारी लिहिलं, ‘मी जंगली जनावर आहे’.

वाटेवरच्या त्वेरचंही मराठी माणसाला आकर्षण वाटेल. पंधराव्या शतकात चौलला उतरून जुन्नरला पावसाळा काढणारा रशियन व्यापारी अफानासी निकितीन तिथलाच. व्होल्गाकाठी त्याचा पुतळा आहे, पण त्याच्या काळातलं शहर फारसं उरलेलं नाही. तासाभराचा थांबा पुरे.

प्रवासाचं म्हणाल तर मॉस्कोहून व्लादिमीरला वेगवान रेल्वेनं दोनेक तास, पुढे सुझ्दालपर्यंत बस. नोवगोरोद पीटर्सबर्गहून तीनेक तासांवर, मॉस्कोहून मात्र लांब. दोन्हीकडे रोख रूबल जवळ ठेवा, बाहेरच्या बँकांची व्हिसा-मास्टरकार्ड तिथं चालत नाहीत.

आईवडील किंवा लहान मुलं बरोबर असतील तर मी सुझ्दालच सांगेन, आणि तेही मुक्कामी. एकटा निघालो तर पीटर्सबर्गहून सकाळची गाडी धरून नोवगोरोद: आधी देतिनेत्समधल्या संग्रहालयात भूर्जपत्रं, मग पूल ओलांडून पलीकडच्या बाजारपेठेच्या काठावर जाऊन वोल्खोव नदीवरून सोफियाचे घुमट.